शेगडीजवळची जागा

जगातलं सगळ्यात जुनं यंत्र कुठलं, असं प्रणोती मगदूमला कुणी विचारलं असतं, तर तिनं मुकाट्यानं आपल्या नाकाला बोट लावलं असतं. डोळे आणि कान नंतरचे, असं तिचं ठाम मत होतं. सांगलीतल्या उपाध्ये साहेबांच्या मसाल्याच्या कंपनीत ती गंधशास्त्रज्ञ होती, आणि चाळिशी ओलांडेपर्यंत या नाकानं तिला कधी दगा दिला नव्हता.

अशी ही नाकवाली बाई त्या दिवशी दुपारी बोरखडीला थोरल्या बहिणीच्या दारात उभी होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं दोन वर्षं खपून उभी केलेली ‘दरवळ’ योजना फसत चालली होती. तिमाही चाचण्यांचे निकाल आले होते आणि ज्या मुलांसाठी एवढा आटापिटा केला, त्यातली निम्म्याहून अधिक मुलं होती तिथंच होती. त्या निम्म्यांत तिचा सख्खा भाचा राजवीर फार वर नव्हता, फार खालीही नव्हता. अगदी तळाशी होता.

“मावशी, आलीस? ये की,” राजवीर कॉटवर पडल्या पडल्याच म्हणाला. त्याच्या उशाशी कोनाड्यात गंधदिवा मंद उजळलेला होता आणि त्यातून एक मऊ आवाज ग्रहगोलांबद्दल काहीतरी सांगत होता. दुपार, उकाडा, कौलांतून उतरलेला कवडसा आणि तो आवाज. ऐकणाऱ्याला झोप लागली तर दोष कुणाला द्यायचा?

आक्का पडवीत शेंगा फोडत बसली होती. तिचं नाव शोभा, पण बहिणीला काय किंवा गावाला काय, ती आक्काच. “बस. च्या टाक गं ईश्वरी,” तिनं आत हाक दिली, आणि मग बहिणीकडे बघून भुवई उडवली. “तोंड का उतरलंय एवढं?”

गंधदिवा म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय प्रणोतीचं तोंड का उतरलं हे कळणार नाही.

आपण बघतो, ऐकतो, चाखतो, ते सगळं मेंदूच्या एका मधल्या ठाण्यात आधी जमा होतं आणि तिथून ज्याच्या त्याच्या पत्त्यावर रवाना होतं. वास तेवढा हे ठाणं मानत नाही. तो नाकातून निघतो तो जवळजवळ थेट आठवणींच्या घरात शिरतो. म्हणून तर कुठल्याशा साबणाच्या वासानं माणसाला अचानक बालवाडीच्या बाई आठवतात. याच वाटेवर काम करताना काही वर्षांपूर्वी संशोधकांना एक संयुग सापडलं. हवेत त्याचा अगदी कणभर अंश सोडला, की आठवणींच्या घरातल्या पेशी काही वेळ ओल्या मातीसारख्या मऊ होतात. त्या वेळात जे ऐकाल ते, आणि त्या वेळी जो वास येत असेल तो, एकमेकांना बांधले जातात. पुढे संयुगाची गरज नाही. तो वास आला की ते ऐकलेलं आपोआप उजळतं, आणि जितक्या वेळा उजळेल तितकं ते पक्कं होत जातं. या संयुगाला नाव पडलं गंधबंध.

नव्याची नवलाई आधी पैसेवाल्यांच्या घरी जाते, तशी हीही गेली. मोठ्या शहरांतल्या क्लासांनी मुलामुलांचे खासगी वास बनवून दिले. कुणाचं रसायनशास्त्र केवड्यात, कुणाचा इतिहास चंदनात. परीक्षेच्या आधी मनगटावर थेंब लावायचा आणि आत जायचं. बोरखडीसारख्या गावातल्या मुलांनी मात्र पूर्वीसारखंच घोकायचं आणि पूर्वीसारखंच विसरायचं. फरक आधीही होता. आता तो मेंदूच्या आत जाऊन बसला होता.

उपाध्ये साहेबांना हे लागलं. हा माणूस बोलायला तुसडा, पण आतून हळवा. “आम्ही वह्या वाटल्या, दप्तरं वाटली, फोटो काढले,” ते एकदा प्रणोतीला म्हणाले होते. “त्यानं आमचं कपाट भरलं, पोरांचं डोकं नाही. वास हा आपला धंदा आहे ना? मग या बाबतीत तरी आपण हात झटकून चालणार नाही.” आणि कंपनीनं कृष्णाकाठच्या गावांतल्या, पुढच्या शिक्षणाच्या पात्रता परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना गंधदिवे दिले. दिवा धडा सांगायचा आणि बरोबर गंधबंध सोडायचा. जी मुलं परीक्षेत उतरतील त्यांचं पुढचं सगळं शिक्षण कंपनीकडे.

धड्याशी बांधायचा वास निवडायचं काम प्रणोतीचं होतं, आणि तिनं निवडली फोडणी. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण, हळद. दिवा ती गंधकुपीतून अगदी हलकी सोडायचा. हिशेब सरळ होता. केवडा गावात कोण आणणार? फोडणी मात्र प्रत्येक घरात दिवसातून दोनदा पडतेच. म्हणजे उजळणी फुकट, रोजची, जन्मभराची. कंपनीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. प्रणोतीलाही स्वतःचा अभिमान वाटला होता.

आता ती भाच्याच्या उशाशी बसली. “राजा, एक सांग. चंद्र पृथ्वीवर का पडत नाही?”

राजवीरनं आढ्याकडे पाहिलं. “त्याला... ते हे असतंय ना. बल.”

आत मोहरी तडतडली. हिंगाचा वास पडद्याआडून आला आणि त्याच्या मागोमाग एक हलका आवाज आला, कुणाशी न बोलणारा, स्वतःशीच गुणगुणल्यासारखा. “पडतोयच की त्यो. सारखा पडतोय. पण पुढं बी चाललाय, आन् जमीन गोल. म्हणून त्याची जमीन सारखी चुकती.”

पडवीत शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. “तू वरणाकडं बघ गं,” आक्का म्हणाली.

प्रणोती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ईश्वरी ही आक्काची सून, थोरल्या मुलाची बायको. वय वीस. राजवीरपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. अकरावीत असताना तालुक्याच्या कॉलेजला जायची बस बंद झाली, म्हणून ती घरी बसली. घरी बसली म्हणून स्थळं आली. नवरा पुण्याजवळच्या कारखान्यात होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा.

“हे तू कुठं शिकलीस?” प्रणोतीनं विचारलं.

ईश्वरी दचकली. “मी मुद्दाम न्हाई ऐकत, मावशी. दिवा भाईर बोलतोय, मी हितं कणीक मळतीय. कानाला काय झाकण असतंय?” मग मावशी रागावलेली नाही असं बघून ती जरा मोकळी झाली. “आन् मग मोहरी टाकली की सगळं परत येतंय बघा. नुसतं आठवत न्हाई, दिसतंय. परवा आमटीला फोडणी दिली तर सगळी कढई आभाळागत झाली. मोहरी वर उडायची, खाली यायची. मला वाटलं, एखादी जरा जोरात फेकली तर ती फिरतच ऱ्हाईल, खाली यायचीच न्हाई. मी किती वेळ तशीच उभी हुते. लसूण करपला. आत्ती बोलल्या. पण मला लई बरं वाटत हुतं.” सासूला ती आत्ती म्हणे, तिकडची रीतच तशी.

तिचे डोळे अजून कढईतच होते, पण कढईच्या कितीतरी पलीकडे. प्रणोती आणखी विचारत गेली. प्रकाशसंश्लेषण, आवर्तसारणी, वर्गसमीकरणं. ईश्वरी भाताला वाफ आणता आणता उत्तरं देत गेली. काही ठिकाणी अडखळायची, मग कढीपत्त्याचं पान चुरगाळून नाकाशी धरायची आणि पुढं जायची.

प्रणोतीनं कढई आणि ईश्वरी यांच्यातलं अंतर नजरेनं मोजलं. फोडणीचा वास सगळ्या घराला येतो, हे खरं. पण त्याचा खरा जोर कढईपासून हातभर अंतरावर आणि पहिल्या काही क्षणांत असतो. नंतर तो खिडकीतून निघून जातो. हे शास्त्र तिला पाठ होतं. त्या हातभर अंतरावर कोण उभं असतं, एवढं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रयोगशाळेत कढईजवळ ती स्वतः उभी असायची ना! राजवीर तर आयतं ताट पुढ्यात आलं की जेवायला बसायचा. तोवर वास केव्हाच गेलेला असायचा. शिकायला बसवलेला मुलगा पोकळ राहिला होता आणि जिला कुणी शिकायला बसवलं नव्हतं तिच्या आत दिवसातून दोनदा दिवाळी होत होती.

परत जाताना विजेच्या बसच्या खिडकीशी बसून तिनं बाहेर पाहिलं. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ होती. प्रत्येक गावावरून बस गेली की फोडणीचा एक पट्टा आत यायचा. तिला वाटलं, या सगळ्या भिंतींच्या आड आत्ता कुणीतरी मुलगी हातात उलथनं धरून थबकली असेल, आणि तिच्यासमोर पेशी दुभंगत असतील, नद्या दिशा बदलत असतील, आणि घरात कुणाला पत्ता नसेल. या विचारानं तिला रडू आलं आणि हसूही आलं.

कंपनीत तिनं निकाल पुन्हा चाळले तेव्हा सगळं लख्ख झालं. वर आलेल्या बहुतेक मुलीच होत्या, त्याही घरात स्वयंपाक करणाऱ्या. मुलगे मोजकेच. एकाची आई आजारी होती म्हणून तो रांधायचा, दुसरा वडिलांच्या खानावळीत कढईवर असायचा. आणि ज्यांची नावं योजनेत नव्हतीच अशा सुना, बहिणी किती असतील, ते कोण सांगणार?

उपाध्ये साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. पण आपल्या डॉक्टरांचं म्हणणं काय आहे ठाऊक आहे? नाव नसलेल्या माणसांच्या नाकात आपलं औषध जातंय. त्यांना कुणी विचारलं? त्यांची कुणी तपासणी केली? उद्या एखादीला त्रास झाला तर?”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

साहेबांनी खणातून एक छोटासा चिमटा काढला. नाकपुडीला लावायचा, दिसेल न दिसेल असा. “दुसऱ्या गटानं बनवलाय. धडा कानात, औषध नाकात, बाहेर थेंब नाही. वासही जगात कुठं नसलेला, कारखान्यात केलेला. निळा वास म्हणतात त्याला. उजळणी चिमटाच करतो. ज्याचं नाव त्यालाच विद्या. गळती बंद. उरलेला अर्धा अभ्यासक्रम यावर द्यायचा. तुमची सही झाली की सोमवारपासून वाटप सुरू.”

प्रणोतीनं चिमटा हुंगला. निळा वास खरंच कशासारखा नव्हता. त्याला ना गाव ना घर. राजवीरला तो नक्की उपयोगी पडला असता. आणि ईश्वरीची कढई अर्ध्या आकाशावर थांबली असती.

“मला चार दिवस द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती बोरखडीला गेली आणि आक्काला घेऊन नदीकडे निघाली. घरात हे बोलता येण्यासारखं नव्हतं. नदीकाठच्या मळीच्या रानात बांधावर दोघी बसल्या. प्रणोतीनं सगळं सांगितलं, चिमट्यासकट.

“मग दे की चिमटा,” आक्का म्हणाली. “माझ्या पोराला मिळतंय, बास. अडलंय कुठं?”

“ईश्वरीचं अडतंय. ती परीक्षेला बसली तर उतरेल, आक्का. तिचं नाव घालू या.”

“आन् उतरली म्हंजे?”

“म्हणजे शिकायला जाईल. आणि त्याआधी कंपनीच्या सांगलीच्या अभ्यास केंद्रात रोज दुपारी यावं लागेल तिला. वास पाठ करून देतो, गणित सोडवून देत नाही. हातानं करायचं ते हातानंच शिकावं लागतं.”

आक्का बोलली ती नदीकडे बघत. “प्रणू, ह्या गावात सून आली की सासूनं कढई खाली ठिवायची, ही रीत हाय. मी कधी ठिवली? परवाच्या पाडव्याला. त्याच्या आदी किती वर्षं धरली हुती? आई आंथरुणाला खिळली तवा मी नववीत. शाळा सुटली ती सुटलीच. तू पलीकडं पाटावर बसून मोठ्यानं वाचायचीस आन् मी भाकऱ्या थापायची. मग लगीन झालं. हितं बी भाकऱ्याच. आत्ता कुठं पडवीत बसाय मिळालंय, तर तू म्हंतीस सुनंला पाठव आन् तू परत आत जा?”

प्रणोती शिकली होती ती आक्काच्या जिवावर. हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघींनी कधी उच्चारलं नव्हतं. आज आक्कानं उच्चारलं, तेही न रागावता, म्हणून जास्त लागलं.

“राजवीर करेल की एक वेळचं,” ती कसंबसं म्हणाली.

आक्काला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. “राजवीर! त्याला पाणी उकळलेलं कळत न्हाई गं. बुडबुडं आलं तर म्हंतोय, ह्यात मासा हाय का!” हसू ओसरल्यावर ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, “घरचं म्हातारं माणूस मी, मला इचारतीस तर सांगते. न्हाई. तिचं नाव नको घालू.” आणि ती पुढं चालू लागली.

प्रणोती त्या रात्री नीट झोपली नाही, पण सकाळी उठली ती एक विचार पक्का करून. बहिणीचा नकार एका घराचा होता. योजना शेकडो घरांची होती. ‘राजवीर करेल की एक वेळचं’ हे स्वतःचंच वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

ती साहेबांपुढे गेली. “चिमटा नको. वास बदलायचा नाही, साहेब. वासाजवळ उभं कोण राहतं, ते बदलायचं.”

“म्हणजे?”

“घरातल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या सगळ्यांना विचारायचं. लेक, सून, पुतणी, जे कुणी असेल ते. तयार असतील त्यांची तपासणी करायची, त्यांची नावं घालायची. मग चोरून काही राहत नाही. डॉक्टरांचं समाधान होईल. आणि नियम एकच. ज्याला शिकायचंय त्यानं रोज एक वेळची फोडणी स्वतः द्यायची. मुलगा असो की मुलगी.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. “घरोघरी भांडणं लागतील.”

“लागू देत. शिक्षण सारखं वाटायचं म्हणजे काहीतरी दुसरंही सारखं वाटावं लागतंच ना? आपण फक्त दिवे वाटले. कामं वाटली नाहीत. ज्या पोरीला दिवसभर हातात काम आहे तिला दिवा देऊन काय होणार? आपल्या योजनेत हे आपोआप उलटं झालं, ही तर आपली चूक आणि आपलं नशीब.”

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कँटीनमध्ये एक नवल घडलं. एवढा मसाल्याचा मालक, तीन पिढ्यांचा धंदा, तो भटारखान्यात शिरला आणि फोडणी द्यायला उभा राहिला. तेल तापायच्या आधीच मोहरी टाकली, मग कढीपत्ता ओला टाकला; तो असा उसळला की साहेब मागच्या मागे भिंतीला टेकले. कोट पिवळा झाला. स्वयंपाकी तोंड फिरवून हसत होते. साहेब मात्र डोळे मिटून त्या धुरात उभे राहिले. “माझी आई इथं उभी असायची,” ते हळूच म्हणाले. “मी इतक्या जवळ कधी आलोच नव्हतो.” मग त्यांनी डोळे उघडले. “करा. पण एक अट. घरातल्या कर्त्या बाईचा होकार घेतल्याशिवाय कुणाचंही नाव घालायचं नाही. कढई कुणाच्या हातात जायची ते तिनं ठरवायचं. बाहेरच्या कंपनीनं नाही.”

प्रणोती हसली आणि लगेच तिचं हसू मावळलं. तिच्या स्वतःच्या बहिणीचा नकार तर आधीच येऊन पडला होता.

पुढचे दिवस तिला पुढं फार धूसर आठवायचे. ती गावोगाव हिंडली. कुठं बायकांनी कानावर हात ठेवले. कुठं एखाद्या आजीनं नातवाच्या पाठीत धपाटा घालून त्याला शेगडीपुढं उभं केलं. एका ठिकाणी दोघं भाऊ कांदा चिरता चिरता रडत होते आणि रडता रडता एकमेकांना आम्ल आणि अल्कली सांगत होते. तेलाच्या वाफेत मुलांचे चेहरे अर्धे दिसायचे, अर्धे विरघळायचे. सगळा मुलूख जागेपणी एकच स्वप्न बघतोय, असं तिला वाटायचं. बोरखडी तिनं शेवटी ठेवली होती.

नावं पाठवायच्या आदल्या दिवशी ती आक्काकडे गेली. काही मागायचं नाही, असं ठरवूनच गेली. नियम सांगावा, राजवीरला शेगडीपाशी उभं करावं आणि निघावं.

दारातच ती थांबली. ईश्वरी ओट्यापाशी होती आणि आक्का तिच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून. ईश्वरीला सासू मागे आहे हे ठाऊक नव्हतं. कढईत मोहरी तडतडली. ईश्वरीचा हात हवेतच थांबला. ती सावकाश बोलू लागली. बी जमिनीत अंधारात पडलेलं असतं तेव्हाही त्याला वर कुठं आणि खाली कुठं हे कळतं. मूळ खालीच जातं, कोंब वरच येतो, कुणी सांगायला लागत नाही. तिचा आवाज धुरासारखा वर वर जात होता. लसूण लाल झाला, मग तपकिरी झाला. आक्काची नजर लसणावर होती. करपायला लागल्याचा वास प्रणोतीच्या नाकाला दारातही आला.

आक्का पुढं झाली. आता बोलणी बसणार, म्हणून प्रणोतीनं डोळे मिटले. पण आवाज आला नाही. उघडून बघते तर आक्कानं सुनेच्या मागून हात घालून नुसती शेगडी बंद केली होती आणि ती तशीच उभी होती, सुनेच्या खांद्याला खांदा लावून, ती बोलायची थांबू नये म्हणून श्वास धरून.

बोलणं संपलं तेव्हा ईश्वरी भानावर आली. “अगं बाई! आत्ती, करपलं का?”

“करपू दे,” आक्का म्हणाली. तिला दारातली बहीण दिसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. “मी नववीत हुते, प्रणू. त्यापुढचं काय असतंय ते मला कधी कुणी सांगितलंच न्हाई.” मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. “घाल हिचं नाव. आन् त्या ठोंब्याला उठीव. आजपास्नं सकाळची आमटी तो करंल. खारट झाली तर त्यालाच प्यायला लावीन.”

ईश्वरीनं पदर तोंडाला लावला आणि ओट्याकडे तोंड फिरवून ती रडली. आक्कानं तिच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला.

केंद्र सुरू झालं त्या दिवशी राजवीर आणि ईश्वरी जेवण उरकून दुपारच्या बसनं सांगलीला गेले. राजवीरच्या बोटाला भाजल्याची पट्टी होती आणि ती तो शौर्यपदकासारखी मिरवत होता. भावजयीच्या शेजारच्या खिडकीत बसून तिला काहीतरी विचारत होता, आणि ती बोटांवर मोजून सांगत होती. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आक्का रस्त्याकडे बघत उभी राहिली.

प्रणोती त्या दिवशी बहिणीकडेच राहिली होती. दिवस कलला तशी आक्का आत गेली. तिनं पदर खोचला, कढई ठेवली, डबे उघडले. सुटलेली जागा तिनं पुन्हा घेतली होती, आणि तीही कुरकुर न करता. मदतीला जावं तर आक्कानं हाकलून लावलं असतं. प्रणोती कॉटवर बसून राहिली.

ठरल्या वेळी कोनाड्यातला गंधदिवा आपोआप उजळला. ऐकणारी मुलं घरात नव्हती, हे त्याला कुठून कळणार? तो मऊ आवाजात सांगू लागला, की या मुलखातला काळा दगड नेहमी दगड नव्हता. फार फार वर्षांपूर्वी जमीन ठिकठिकाणी फाटली आणि हा सगळा दगड आतून पातळ होऊन वर आला. तो सगळीकडे वाहत पसरला, थरावर थर बसला, आणि सावकाश थंड झाला.

प्रणोती दिवा बंद करायला उठली. आक्काचं नाव योजनेत नव्हतं. तिचं वय नियमात बसत नव्हतं, आणि नियम प्रणोतीनंच लिहिला होता. आत मोहरी तडतडली. हिंगाचा वास आला, मग कढीपत्त्याचा. तिचं बोट दिव्याच्या बटणावर टेकलं.

“प्रणू,” आतून आक्काची हाक आली. आवाजात एक विलक्षण घाई होती. “बंद करू नकोस. काय वाहत हुतं म्हणाला त्यो? मोहरीत ऐकू आलं न्हाई. परत लाव.”